रेड वाईन भाच्याला आवडते, मामांना तुरट का लागते?

रेड वाईनचा पहिला घोट घशाखाली उतरला की इंदूरच्या मराठी घरात दोन तट पडतात. बंगळूरहून सुट्टीला आलेला भाचा म्हणतो, छान आहे, मागून जांभळाची चव येते. मामा तोंड वाकडं करतात, "छे रे, हिरडा उगाळून दिल्यासारखं लागतंय." मग भाचा त्यांना समजावतो की वाईन कळायला सवय व्हावी लागते. मामा मनात ठरवून टाकतात की हे आपलं काम नव्हे, आपली बिअर बरी.

यात मामांवर अन्याय होतो असं मला फार मनापासून वाटतं. त्यांना जे लागलं ते पूर्ण खरं आहे, आणि भाच्याला लागलेलं जांभूळही तितकंच खरं आहे. पेल्यात ओतलेलं पेय एकच असलं तरी प्रत्येकाच्या तोंडात आणि नाकात ते वेगळं होतं. यात कळण्या-न कळण्याचा भाग थोडा, शरीराच्या घडणीचा आणि आयुष्यभर खाल्ल्या-प्यायल्याचा भाग मोठा.

आपण ज्याला ढोबळपणे चव म्हणतो त्यात निदान तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली जिभेवरची: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाहारात, टोमॅटोत किंवा मशरूममध्ये जाणवते ती पाचवी, उमामी. दुसरी वासाची, आणि हीच सगळ्यात मोठी. घास गिळताना त्याची वाफ घशामागून नाकात चढते आणि ते सगळं जिभेवरच घडतंय असा मेंदूचा समज होतो. खात्री करायची तर नाक घट्ट दाबून चिमूटभर बडीशेप चावा. थोडं गोड लागेल, बडीशेप मात्र कळणार नाही. नाक सोडलं की एका क्षणात ती हजर. भाच्याचं जांभूळ या घशामागच्या वाटेनं आलेलं असतं. तिसरी गोष्ट स्पर्शाची: थंड, गरम, झोंबणारं, सोड्याचं टोचणं, आणि मामांना नडला तो तुरटपणा.

काकडा आरतीच्या प्रसादापासून वाईनपर्यंत कुठलीही चव या तीन वाटांनीच येते, पण तुरटपणाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण रेड वाईन नावडण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाची द्रव्यं असतात. हिरड्यात, कच्च्या केळ्यात, जांभळात आणि कोऱ्या चहातही ती असतात, म्हणजे मामांनी दिलेली उपमा अगदी शास्त्राला धरून होती. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, ती तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिन त्यांना चिकटून गोळा करतं, वंगण निघून जातं आणि जीभ टाळूला खरखरीत लागायला लागते. आयुर्वेदानं कषाय, म्हणजे तुरट, हा सहा रसांतला एक मानला, आधुनिक शरीरशास्त्र त्याला स्पर्शाच्या खात्यात घालतं. माणसामाणसाच्या लाळेचं प्रमाण आणि तिच्यातली प्रथिनं सारखी नसतात, म्हणून एकाला सौम्य वाटणारी वाईन दुसऱ्याचं तोंड पार कोरडं करते. रेड वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळे तिच्यात टॅनिन भरपूर उतरतं. व्हाईट वाईनचा रस सालीपासून लवकर वेगळा करतात. ज्याला रेड सोसत नाही त्याला नाशिकची शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन अनेकदा सहज आवडते, त्याचं कारण हेच.

मामा चहा मात्र दिवसातून चार वेळा पितात. पण त्यात दूध असतं, आणि चहातलं टॅनिन दुधातल्या प्रथिनांना आधीच चिकटलेलं असतं. लाळेच्या वाट्याला फारसं उरतच नाही. युरोपात रेड वाईनसोबत चीज किंवा मटण खातात त्यामागेही हीच गोष्ट आहे. आपल्याकडे तुपात बुडवलेला बाफला, म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, हे काम बऱ्यापैकी करतो. स्निग्धपणामुळे तोंडाला गेलेलं वंगण परत मिळतं.

आता इंदूरला लागू पडणारी खास गोष्ट. आपल्याकडे पेल्याशेजारी हमखास काय असतं? रतलामी शेव. लवंग, मिरी, तिखट, सगळं तिच्यात. आणि नसेल तर जिरावण मसाला भुरभुरलेलं काहीतरी. तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे रेणू (रिसेप्टर), असतात. त्यांतला एक, टीआरपीव्ही१ नावाचा, साधारण ४२ अंश सेल्सियसच्या वर जागा होतो आणि "भाजतंय" असा निरोप मेंदूला धाडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि मिरीतलं पायपरीन यांनाही तोच प्रतिसाद देतो, म्हणून तिखट आपल्याला गरम वाटतं. २००२ साली इटालियन संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं की अल्कोहोलच्या सान्निध्यात हा ग्राहक ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो. आपल्या तोंडाचं तापमान त्याहून जास्तच असतं. म्हणजे व्हिस्कीचा घोट बर्फासारखा थंड असला तरी तोंडाची स्वतःची ऊबच भाजल्यासारखी जाणवू शकते.

त्यावर रतलामी शेव खाल्ली की एकाच दारावर दोघं एकदम धक्का देतात. दारू आणखी झोंबते, शेव आणखी तिखट लागते, आणि त्या गदारोळात वासाच्या बारीक छटा हरवून जातात. अनेकांना हा दुहेरी झटकाच आवडतो, त्यात काही वावगं नाही. पण "मला वाईनमध्ये काहीच कळत नाही" असं म्हणणाऱ्यानं एकदा शेवेची वाटी बाजूला ठेवून बघावं. फुटाणे, पनीर, साधे खारे शेंगदाणे घ्यावेत. खाऱ्या शेंगदाण्यांची आणि बिअरची जोडी उगीच जमलेली नाही. मीठ कडवटपणा दाबतं. बिअरमधला कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो, तो मिठामुळे सौम्य होतो आणि मागची धान्याची गोडी पुढे येते.

शरीराच्या घडणीतला फरक किती मोठा असू शकतो याचा शोध अपघातानं लागला. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची भुकटी हाताळत होते. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, केवढं कडू आहे हे. फॉक्सना काहीच लागेना. दोघांनी चाखून पाहिलं तरी तेच. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक आहे, आणि २००३ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं, टीएएस२आर३८. कडू ओळखणारे असे सुमारे २५ ग्राहक माणसात आहेत, त्यांतला हा एक. ज्यांचा हा ग्राहक तीव्र असतो ते दारू सरासरीनं कमी पितात असंही काही अभ्यासांत दिसलं आहे, कारण अल्कोहोल मुळात काहीसं कडू लागतं. कारल्याची भाजी ताटात आली की घरातलं एक जण आनंदानं वाढून घेतो आणि दुसरा ताट सरकवतो, तेव्हा त्यात निव्वळ लाडावलेपणा असतोच असं नाही.

वासाच्या बाबतीत हे आणखी टोकाला जातं. शिराज द्राक्षाच्या वाईनला मिरीचा वास येतो असं जाणकार पूर्वीपासून सांगत आले. तो वास देणारा रेणू ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ओळखला. रोटंडोन त्याचं नाव. आपल्या काळ्या मिरीतही तोच आहे. आश्चर्य असं की त्यांच्या चाचणीत पाचांतल्या एकाला हा रेणू भरपूर प्रमाणात देऊनही अजिबात वास आला नाही. आता असा माणूस शिराजचा घोट घेऊन म्हणाला, "कसली मिरी? मला तर काहीच नाही," तर त्याला अडाणी ठरवायचं का? त्याच्यासाठी त्या पेल्यात मिरी नाहीच. कोथिंबिरीचंही असंच आहे. वासाच्या एका ग्राहकातल्या फरकामुळे काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते. पोह्यांवरची कोथिंबीर वेचून बाजूला काढणारं एखादं मूल तुमच्याही नात्यात असेल.

वय, सर्दी, आजार यांनीही नाक बदलतं. करोनानंतर कितीतरी जणांना कॉफीचा वास जळका, कांद्याचा वास सडका यायला लागला होता. वासाची शक्ती उतारवयात मंदावते, त्यामुळे तरुणपणी जड वाटलेली गोष्ट पुढे चालून आवडू लागते.

एक साधी चूक मात्र जवळपास सगळ्यांच्या घरी होते, आणि तिचं खापर वाईनवर फुटतं. रेड वाईन "खोलीच्या तापमानाला" प्यावी असं कुठंतरी वाचलेलं असतं. ही खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना कपाटातून काढलेली बाटली तशीच ओतली तर अल्कोहोलची वाफ आधी नाकात जाते आणि बाकी सगळं त्याखाली दबतं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फरक लगेच कळेल. फार गार करणंही चुकीचंच. थंडीनं वास बाहेर पडत नाही, गोडी कमी जाणवते आणि टॅनिनचा खरखरीतपणा वाढतो. बिअर आपल्याकडे दात शिवशिवतील इतकी गार लागते, कारण उन्हाळ्यात तिच्याकडून आपल्याला चवीपेक्षा गारवा हवा असतो.

व्हिस्कीबद्दलही असाच एक न्यूनगंड असतो. पाणी घालून पिणं म्हणजे गावंढळपणा, असं काही जण अगदी अधिकारवाणीनं सांगतात. हे मला पटत नाही. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की ४२.८ टक्के अल्कोहोलची असते. पाण्यानं ते प्रमाण उतरलं की झोंबणं कमी होतं आणि वासाला वाव मिळतो. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर या रेणूंची हालचाल तपासली. धुराचा वास देणारा ग्वायकोल नावाचा रेणू तीव्र दारूत आतच राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो असं त्यांना आढळलं. स्कॉटलंडमधले व्हिस्की तयार करणारे लोकही मिश्रण पारखताना पाणी घालूनच पारखतात.

धुराच्या वासाची काही स्कॉच मात्र आपल्या लोकांना पहिल्यांदा डेटॉलसारखी वाटते, आणि तेही उगीच नाही. तिथे जव वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळतात. तिच्या धुरातून फिनॉल गटाची द्रव्यं धान्यात शिरतात. जंतुनाशकांचा ओळखीचा वासही याच गटाचा. ज्यानं हा वास कायम दवाखान्यात घेतला, त्याला पेल्यात तो नकोसा होणारच. शिवाय इथल्या पुष्कळ व्हिस्कीत उसाच्या मळीपासूनचा अल्कोहोल असतो. युरोपच्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच हवी, त्यामुळे अशी मळीची व्हिस्की तिथे व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आयुष्यभर मळीच्या अल्कोहोलची सवय असलेल्याला धान्याची, धुराची व्हिस्की परकी लागली तर नवल नाही.

आवड शिकता येते, हे भाच्याचं म्हणणं त्यापुरतं बरोबरच आहे. माणूस जन्मतः गोडाकडे ओढला जातो आणि कडू थुंकतो, कारण निसर्गात बरीच विषं कडू असतात. कॉफी, कारलं, बिअर यांची गोडी पुन्हा पुन्हा, थोडं थोडं, बरं वाटणाऱ्या संगतीत चाखल्यानं लागते. आंबवलेल्या द्राक्षाची चव तर जुन्या मराठी घरांना मुळीच नवी नाही. द्राक्षासवाच्या बाटलीवर बघा, त्यात आंबण्यातून आपोआप तयार झालेला साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असल्याचं लिहिलेलं असतं. आजीनं औषध म्हणून दिलेल्या दोन चमच्यांची आठवण चांगली असेल, तर गोडसर पोर्ट वाईन पटकन आपली वाटते.

उलट दिशेनंही हे शिक्षण होतं आणि ते फार पक्कं असतं. कॉलेजात कुणी रम जास्त पिऊन रात्रभर उलट्या केल्या, की पुढे कैक वर्षं रमच्या नुसत्या वासानं त्याच्या पोटात ढवळतं. १९५० च्या दशकात जॉन गार्सिया यांनी उंदरांवर हेच पाहिलं. एखादी चव आणि त्यानंतर काही तासांनी आलेली मळमळ यांची मेंदू एकाच अनुभवात गाठ मारतो, आणि ती गाठ बुद्धीनं समजावून सुटत नाही. अशा माणसाला "अरे ही महागातली रम आहे" म्हणून आग्रह करणं निरर्थक आहे.

महागाचा विषय निघालाच आहे तर २००८ मधल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगाबद्दल सांगायलाच हवं. लोकांना मेंदूच्या चित्रणयंत्रात झोपवून नळीनं वाईन चाखवली आणि प्रत्येक वेळी किंमत सांगितली. एकच वाईन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. ९० डॉलर ऐकल्यावर ती जास्त आवडल्याचं लोकांनी सांगितलंच, पण सुखद अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भागही खरोखर जास्त सक्रिय झाला. ती माणसं दिखावा करत नव्हती, त्यांना खरंच जास्त आवडली होती. नंतर किंमत न सांगता तीच वाईन दिली तेव्हा फरक नाहीसा झाला. याआधी २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली व्हाईट वाईन दिली गेली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं.

मग परीक्षकांचं काय? रॉबर्ट हॉजसन हे प्राध्यापक स्वतः वाईन तयार करायचे. आपल्या वाईनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसऱ्या स्पर्धेत काहीच नाही, हे त्यांना कोड्यात टाकायचं. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीन वेळा दिली. सुमारे १० टक्के परीक्षकच तिन्ही वेळा साधारण सारखं पदक देऊ शकले. अनुभवी लोकांना काहीच कळत नाही असा याचा अर्थ मी काढणार नाही. बिघडलेली वाईन ते अचूक ओळखतात, द्राक्षांच्या जातींमधला फरक सांगतात. पण "ही श्रेष्ठ, ही कनिष्ठ" हा निकाल पुष्कळदा त्या दिवसाचा, त्या क्रमाचा आणि त्या जिभेचा असतो. म्हणून स्वतःची आवड शोधायची असेल तर बाटली कागदात गुंडाळून, किंमत लपवून, दोन-तीन प्रकार अगदी थोडे थोडे चाखावेत. इंदूरमधल्या काही मित्रमंडळींत हे आता होऊ लागलं आहे, आणि मला ते फार चांगलं वाटतं.

थोडे थोडे, यावर माझा जोर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं अल्कोहोलयुक्त पेयांना १९८८ पासूनच कर्करोगकारक मानलेलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. म्हणून "एक घोट घेऊन तर बघ" हा आग्रह आपल्या समारंभांतून जावा असं मला वाटतं. नाही म्हणणाऱ्यानं कारण का द्यावं? त्याच्या हातात घट्ट गार शिकंजीचा पेला द्यावा आणि गप्पा पुढे चालू ठेवाव्यात.

चवीच्या प्रतिष्ठेचा विचार करताना इंदूरकरांना फार लांब जायला नको. पश्चिमेला धार, झाबुआ, अलीराजपूरच्या बाजूला मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं गळतात. भिल्ल कुटुंबं ती वेचून वाळवतात. त्यांत साखर भरपूर असते, ती पाण्यात आंबवून ऊर्ध्वपातन करतात. पिण्याआधी थोडी धार जमिनीवर, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावानं सोडायची रीत आहे. या दारूचा फुलांचा, जरासा रानटी वास शहरातल्या नाकाला अनोळखी. पण ज्यानं तो लहानपणापासून सणाला, लग्नाला घेतला त्याला तो घरचा. तिला हलकी ठरवण्यात जिभेचा हात कमी आणि कायद्याचा, बाजाराचा जास्त आहे. १८९२ मध्येच ब्रिटिशांनी मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता, कारण घरोघरी निघणाऱ्या दारूतून अबकारी महसूल मिळत नसे. आता मध्य प्रदेश सरकारच आदिवासी बचत गटांकडून मोहाची दारू वारसा म्हणून बाटलीबंद करून घेतं आहे. फूल तेच, वासही तोच. बाटली आणि लेबल आल्यावर शहरातली माणसं तो कौतुकानं हुंगू लागली आहेत.

ही कायदेशीर, बाटलीबंद दारू वेगळी आणि कुठल्यातरी झोपडीमागे प्लास्टिकच्या पिशवीत मिळणारी वेगळी, हे मात्र कायम ध्यानात ठेवायला हवं. ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैनला आणि जानेवारी २०२१ मध्ये मुरैना जिल्ह्यात विषारी दारूनं माणसं गेली. अशा दुर्घटनांत बहुतेकदा कारखान्यात वापरायचं मिथेनॉल मिसळलेलं असतं. इथे पट्टीचा पिणाराही फसतो, कारण मिथेनॉलचा वास आणि चव साध्या अल्कोहोलच्या इतकी जवळची आहे की मिश्रणात ते ओळखू येत नाही. जाळून ज्योतीचा रंग बघण्याची युक्तीही भरवशाची नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. त्रास सुरू व्हायला १२ ते २४ तासही लागू शकतात, त्यामुळे रात्री प्यायलेला माणूस सकाळी उठून नेहमीचा हँगओव्हर समजून पडून राहतो. पोटात दुखणं, श्वास वेगानं चालणं, डोळ्यांसमोर धुकं आल्यासारखं दिसणं यांतलं काहीही जाणवलं तर लिंबूपाणी पाजत न बसता त्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना न लपवता सांगायचं. यावर उतारा आहे, डायलिसिसनं विष काढताही येतं, पण पहिल्या काही तासांत पोचलं तरच डोळे आणि जीव वाचण्याची शक्यता चांगली असते.